आठ आण्यांचं पुस्तक

(युवक शिबिरात नव्या लिहिणाऱ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेलं तसंच ठेवलं आहे.)



मला पत्रात विषय दिला होता, साहित्य आणि बांधिलकी. मी त्यावर बोलणार नाही. बांधिलकीवर गेली पन्नास वर्षं लोक बोलतायत आणि त्यातल्या कित्येकांच्या पुस्तकांचे गठ्ठे त्यांच्याच पलंगाखाली पडलेत. माझ्याही पलंगाखाली होते. झुरळांनी वाचले. तेव्हा मी बोलणार आहे ते पुस्तक कोण छापतो, किती छापतो, कितीला विकतो आणि कोणाच्या पिशवीत घालतो, यावर. साहित्यिक मंडळी याला 'व्यवहार' म्हणतात आणि नाक मुरडतात. ज्यांच्या घरात तीन पिढ्या छापखाना, वर्तमानपत्र, युनिव्हर्सिटी आणि लायब्ररीची कमिटी नांदली, त्यांना नाक मुरडणं परवडतं. आपल्याला नाही परवडत.

याला कारण झालं आज सकाळचं. चहाच्या रांगेत आपल्यातल्या एका मुलीनं मला एक कागद दाखवला. तिला विचारूनच सांगतोय. तिची आई महापालिकेत झाडूवाली होती, सत्तावीस वर्षं. आई बोलत गेली, हिनं रात्री बसून लिहून काढलं. एकशे बारा पानं भरतील असा मजकूर आहे. मी त्यातली दहा पानं जेवायच्या आधी वाचली आणि मग जेवण गेलं नाही. तर हा मजकूर एका कंपनीला पाठवला, आणि कंपनीनं चार दिवसांत उत्तर दिलं: आम्ही छापतो, तुमचा मजकूर अप्रतिम आहे, अठ्ठावन्न हजार भरा, सोबत करारपत्र आहे, सही करा. पोरगी खूश. घरात पेढे वाटले. कर्ज काढायचं ठरलंय पतपेढीतून. सही व्हायची बाकी आहे. उद्या करणार होती.

तो करार मी दोनदा वाचला. त्यात काय आहे ते सांगतो, पण आधी मी कोण ते सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल हा म्हातारा कुठून आला कायदा शिकवायला.

मी जुळारी. म्हणजे कंपॉझिटर. १९७९ साली गिरगावातल्या एका छापखान्यात लागलो. समोर केस, हातात स्टिक, एकेक खिळा उचलायचा आणि ओळ जुळवायची, तीसुद्धा उलटी. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, गणपतीची वर्गणीची बुकं, आणि मधूनमधून कवितासंग्रह. मराठीतल्या बऱ्याच कविता मी लोकांच्या आधी वाचल्या आहेत आणि उलट्या वाचल्या आहेत, त्यामुळे त्यांचा फारसा धाक राहिला नाही. तिथेच मी 'डिस्ट्रिब्युशन' हा शब्द पहिल्यांदा ऐकला. छापखान्यात त्याचा अर्थ होता, फर्मा छापून झाला की जुळवलेला मजकूर मोडायचा आणि एकेक खिळा परत आपापल्या खणात टाकायचा. मजकूर मोडला की संपलं. परत छापायचं तर परत पहिल्यापासून जुळवा. म्हणून त्या काळी हजार प्रती छापायची पद्धत. पाचशेच खपतील हे माहीत असूनही हजार. कारण परत संधी नाही. उरलेल्या पाचशे पलंगाखाली.

ही एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण जग तिथून बदललंय आणि आपले लेखक अजून बदलले नाहीत. आज मजकूर मोडत नाही. फाईल राहते. दोनशे छापा, विका, परत दोनशे छापा. तरीसुद्धा आजचा नवा कवी पहिला प्रश्न विचारतो, "हजार काढू का?" अरे कशाला? हजार प्रती ही अब्रूची गोष्ट झाली आहे. पलंगाखाली अब्रू ठेवून काय करणार?

आता बाबासाहेबांकडे येतो. तुम्ही म्हणाल, आले हे, कुठलाही विषय असो. पण मी त्यांच्या विचारांबद्दल बोलत नाहीये. मी त्यांच्याबद्दल प्रकाशक म्हणून बोलतोय. या देशातला सगळ्यात मोठा स्वतःच्या खर्चानं छापणारा लेखक कोण, तर हा माणूस.

१९३६. लाहोरचं जात-पात तोडक मंडळ त्यांना वार्षिक परिषदेचं अध्यक्षपद देतं. भाषण लिहून पाठवा म्हणतं. मंडळाची इच्छा अशी की भाषण लाहोरला छापावं. बाबासाहेब म्हणाले नाही, मुंबईतच छापणार. हा निर्णय बघा. छपाई कुठे होते त्यावर मजकूर कोणाच्या हातात राहतो हे ठरतं. ज्याच्या छापखान्यात प्रूफ, त्याच्या हातात लाल पेन्सिल. पुढे तेच झालं. मंडळाच्या लोकांनी मजकूर पाहिला आणि घाबरले. वेदाचं नाव कशाला, शास्त्रं उडवा असं कशाला, हिंदू म्हणून हे माझं शेवटचं भाषण असं कशाला. तेवढं काढा. बाबासाहेबांनी कळवलं, स्वल्पविरामसुद्धा बदलणार नाही. परिषद रद्द झाली.

आता विचार करा. छापलेलं भाषण पडून आहे, आणि भाषण व्हायचं ठिकाणच राहिलं नाही. तुमच्या-माझ्यासारखा असता तर म्हणाला असता, गेले पैसे. त्यांनी काय केलं? त्या भाषणाला पुस्तक केलं. पुढे प्रस्तावना जोडली, आणि त्या प्रस्तावनेत मंडळाशी झालेला सगळा पत्रव्यवहार छापून टाकला. ज्या कारणानं तोंड दाबलं तेच कारण पुस्तकाची जाहिरात झालं. 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'. पंधराशे प्रती. किंमत आठ आणे. दोन महिन्यांत खलास. वर्षाच्या आत गुजराती आणि तमिळ भाषांतर झालेलं होतं, आणखी चार भाषांत चालू होतं. हे सगळं त्यांनी स्वतः १९३७च्या दुसऱ्या आवृत्तीत नोंदवलंय. हिशेब ठेवणारा माणूस होता.

आणि या आठ आण्यांवरची गंमत ऐका. गांधीजींनी जुलै १९३६मध्ये 'हरिजन'मध्ये या पुस्तकावर लिहिलं. विरोध केला तो केला, पण सुरुवातीलाच किमतीबद्दल बोलले. आठ आणे जास्त होतात, दोन आणे करा, निदान चार तरी करा, असा सल्ला. आता सल्ला फुकट असतो, छपाई विकत असते. ज्यांना दाते होते, आश्रम होता, त्यांना दोन आणे सुचतात. इथे मागे कोण होतं? मुंबईच्या चाळीतली वर्गणी आणि वकिलीचे पैसे. पण... हे 'पण' मला आपल्यातच बोलायचंय. सांगणारा कोणीही असो, किमतीचा प्रश्न खरा आहे. आठ आणे म्हणजे त्या वेळच्या गिरणीकामगाराला विचार करायला लावणारी रक्कम होती. मात्र बाबासाहेबांनी ते पुस्तक इंग्रजीत, शिकलेल्या हिंदूंसाठी लिहिलं होतं. त्याची किंमत त्या वाचकाच्या खिशाला धरून होती. आपल्या माणसांसाठी त्यांनी दुसरीच वाट ठेवली होती: पाक्षिक, साप्ताहिक, सभा. १९२०चा 'मूकनायक', १९२७चा 'बहिष्कृत भारत', १९३०चा 'जनता'. एकच लेखक, दोन वाचक, दोन वाटा. आपण काय करतो? आईची गोष्ट झाडूवाल्या बायांसाठी लिहितो आणि किंमत ठेवतो तीनशे एकोणपन्नास.

आणि ही वर्तमानपत्रं सुखानं चालली असं समजू नका. 'मूकनायक'ला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले तेव्हा ते उभं राहिलं. 'केसरी'नं त्याची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापायचं नाकारलं. 'बहिष्कृत भारत'चे रकानेच्या रकाने बाबासाहेब एकहाती लिहीत आणि शेवटी पैशानं ते १९२९ साली बंद पडलं. मागे जा, ज्योतिरावांचा 'शेतकऱ्याचा आसूड' घ्या. १८८३ साली लिहून पुरा. सत्यशोधकांच्याच 'दीनबंधु'नं काही भाग छापला आणि पुढचा छापायला हात आखडला. घरचाच छापखाना, आणि घरचाच भिला. अख्खा आसूड ज्योतिरावांच्या हयातीत छापून निघाला नाही. म्हणून मी म्हणतो, आपला माणूस छापतोय एवढ्यावर जाऊ नका. आपला माणूसही भितो. करार आपल्या माणसाशीसुद्धा कागदावर करा.

आता माझी गोष्ट.

१९८४ साली मी माझ्या बारा कविता आणि एक मोठा लेख, बत्तीस पानं, दोन फर्मे, स्वतः जुळवले. मालक भला होता. सुटी झाल्यावर ट्रेडल वापरू दिली. कागद विकत घेतला तेवढाच खर्च, चारशे तीस रुपये. बायडिंग नाही, मधे दोन पिना. बायको आणि मेहुणा पिना मारत होते. पाचशे प्रती. किंमत दोन रुपये, आणि ती दोनच का, तर दोनची नोट होती. एक नोट द्या, एक पुस्तक घ्या, सुट्टे मागायला नको. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कच्या कडेला चादर टाकून बसलो.

तिथे मी जे शिकलो ते मला कुठल्याही प्रकाशकानं शिकवलं नाही. लोक गाडीनं येतात, विदर्भातून, मराठवाड्यातून, खानदेशातून. दोन रात्री जागलेले असतात. खिशात मोजके पैसे, त्यात परतीचा वडापाव धरलेला. तरी पुस्तक घेतात. जगात दुसरीकडे कुठे दुःखाच्या दिवशी माणसं पुस्तकं विकत घेत असतील तर मला दाखवा. पण घेताना बघतात. अक्षर मोठं आहे का, कारण घरी पोरगं वाचून दाखवणार आणि कंदील आहे. पिशवीत मावतं का. नाव वाचून कळतं का आत काय आहे. माझ्या पुस्तकाचं नाव होतं एक अवघड, कवितेतलं. एक बाई उकिडवी बसली आणि म्हणाली, "दादा, ह्यात हाय काय?" मी सांगायला लागलो, प्रतीकं, विद्रोह. ती म्हणाली, "वाचून दाखवा की." मी एक कविता वाचली. ती ऐकत होती, मागे चार जण थांबले, मग दहा. त्यानंतर दिवसभर मी वाचतच होतो. घसा बसला. रात्रीपर्यंत चारशे चाळीस गेली. परभणीकडचा एक मास्तर पंचवीस प्रती घेऊन गेला, पैसे नव्हते, म्हणाला पाठवतो. जानेवारीत मनीऑर्डर आली. चाळीस रुपये. कमिशन कापून घेतलं होतं त्यानं, बरोबर वीस टक्के. त्या मास्तराला मी आजही वितरक मानतो.

ही काही माझी अक्कल नव्हती. भीमराव कर्डकांचे जलसे हेच करत होते. गाणं आधी कानात घालायचं, मग पुस्तिका हातात द्यायची. कान हे आपलं पहिलं दुकान आहे.

मग १९९१ साली माझं डोकं फिरलं. पुण्यातल्या एका नावाजलेल्या प्रकाशकानं, नाव घेत नाही, माझा संग्रह मागितला. त्रेसष्ट कविता. हायला, मी हवेत. जाड पुठ्ठा, जॅकेट, मागे माझा फोटो, तोही दाढी वाढवून काढलेला. किंमत साठ रुपये, म्हणजे माझा दीड दिवसाचा पगार. माझं पुस्तक मलाच परवडत नव्हतं. वस्तीतल्या एकानंही घेतलं नाही. परीक्षणं आली, 'आक्रोश', 'दाहक', 'अनुभवाची प्रखरता', हे तीन शब्द आलटून पालटून. बहुतेक प्रती लायब्ऱ्यांत गेल्या. मला दहा प्रती आणि शाल मिळाली. मी सही केलेल्या कागदावर एक ओळ होती, सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे. मी ती ओळ वाचली होती, मित्रांनो. जुळाऱ्याला न वाचता येतं का? वाचली आणि सही केली, कारण मला वाटलं असली माणसं आपल्याला बोलावतायत हेच पुष्कळ.

१९९९ साली पुस्तक संपलं. मी म्हटलं, मला परत काढू द्या, पिना मारून, दहा रुपयांत. उत्तर आलं, हक्क आमचे, आवृत्तीचा विचार करू. विचार चालू राहिला. पुढे प्रकाशक वारले, दुकान बंद झालं, वारस परदेशात की कुठे. हक्क कोणाकडे आहेत हे सांगायला माणूस नाही. कायद्यात दाद मागायची सोय आहे, पण कोर्टाची पायरी आणि वकिलाची फी यांचा त्रेसष्ट कवितांशी हिशेब जुळत नाही. त्या कविता मी सभेत म्हणतो. तुम्ही टाळ्या वाजवता. छापू शकत नाही. बायको म्हणते, पोरी लग्न करून दिल्या तर माहेरी येतात तरी.

म्हणून आज सकाळी तो कागद वाचताना माझा हात थरथरत होता.

काय आहे त्यात? एक, अठ्ठावन्न हजार लेखिकेनं भरायचे. दोन, तिला मिळणार पंचवीस प्रती. जास्त हव्या तर तिनं दोनशे वीस रुपयांना एक अशा विकत घ्यायच्या. स्वतःच्या आईचं पुस्तक. तीन, छापील किंमत तीनशे एकोणपन्नास, कंपनी ठरवणार. चार, आयएसबीएन नंबराचे पाच हजार. अरे, तो नंबर भारतात फुकट मिळतो! राजा राममोहन रॉय यांच्या नावाची सरकारी एजन्सी आहे, लेखकालाही देते, अर्ज ऑनलाइन भरायचा, थोडा वेळ जातो. पाच, 'जगभर वितरण'. म्हणजे काय, तर दोन वेबसाइटवर नाव टाकणार, कोणी मागितली तर एक प्रत छापून पाठवणार. वाईट नाही ते. पण त्याला वितरण म्हणू नका. दुकानात नाव लागलं म्हणजे पुस्तक पोचलं असं नसतं. आणि सहा, बारीक अक्षरात: भाषांतर, ध्वनी, नाट्य, चित्रपट, सर्व माध्यमांतले हक्क कंपनीकडे, मुदत 'कॉपीराइट असेपर्यंत'.

कॉपीराइट असेपर्यंत म्हणजे किती, माहितीये? लेखकाचं आयुष्य आणि वर साठ वर्षं. बाबासाहेब १९५६ साली गेले. त्यांच्या हयातीत छापलेल्या पुस्तकांवरचा कॉपीराइट २०१६ संपताना संपला. तेव्हापासून ती कोणीही छापू शकतो, आणि म्हणून आज ती वीस प्रकाशनांतून मिळतात. आता हिचं वय तेवीस. देव... नको, देव नको, निसर्ग तिला ऐंशी वर्षं देवो. म्हणजे आईनं झाडू मारता मारता सांगितलेली गोष्ट शंभरावर वर्षं त्या कंपनीची. पैसे पण हिनेच भरायचे! जुन्या काळी वेठ होती त्यात निदान जोहार घालायला पैसे पडत नव्हते.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. हक्क द्यायचे तर लेखी द्यावे लागतात, सहीनं. करारात मुदत लिहिली नसेल तर पाचच वर्षं धरतात. जागा लिहिली नसेल तर फक्त भारत. ही कॉपीराइट कायद्यातली कलमं आहेत, १९९४च्या दुरुस्तीनंतरची. म्हणजे कायद्यानं गरिबाच्या बाजूनं थोडी फट ठेवलीय. ती फट बुजवायला ते 'कायमस्वरूपी' लिहितात. तुम्ही खोडा. पेन घ्या आणि लिहा: एक आवृत्ती, इतक्या प्रती, तीन वर्षं, फक्त मराठी, फक्त छापील पुस्तक. बाकी हक्क लेखकाकडे. प्रकाशक भला असेल तर मान्य करतो. मान्य नसेल तर तो भला नाही हे पेनाच्या एका रेघेत कळलं, स्वस्तात पडलं.

आता काही जण म्हणतील, मग सगळेच प्रकाशक चोर का? नाही. 'बलुतं' १९७८ साली ग्रंथालीनं काढलं, 'उपरा' १९८०ला तिनंच. वाचकांकडून आधी वर्गणी घ्यायची आणि स्वस्तात द्यायचं, ही चळवळ होती. ही पुस्तकं वस्तीच्या बाहेर घरोघर पोचली ती अशा रचनेमुळे. त्याच सुमारास, १९७६ साली, मुंबईत अरुण कोलटकर आणि त्यांचे कवीमित्र यांनी 'क्लिअरिंग हाऊस' काढलं आणि आपापले इंग्रजी संग्रह एकत्र येऊन छापले. सायक्लोस्टाइलवर 'येरू', 'विद्रोह' काढणारी आपली पोरं वेगळी, ती वेगळी, वर्ग वेगळा, पण युक्ती तीच: चार लेखक एकत्र, आधी वर्गणी, मग छपाई. एकटा लेखक प्रकाशकापुढे भिकारी असतो. चार लेखक मिळून प्रकाशक होतात.

सरकारी खरेदीबद्दल एक शब्द, कारण तुमच्यातले तिघे मला मघाशी त्याबद्दलच विचारत होते, कोणाची ओळख आहे का म्हणून. 'बुद्ध अँड हिज धम्म' छापायला वीस हजारांच्या आसपास खर्च येणार होता. १४ सप्टेंबर १९५६ला बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिलं, सरकारनं पाचशे प्रती विकत घ्याव्यात, लायब्ऱ्यांना आणि बुद्धजयंतीच्या पाहुण्या विद्वानांना द्याव्यात. घटना लिहिणारा माणूस, आजारी, पाचशे प्रतींसाठी पत्र लिहितोय. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं: त्यासाठी ठेवलेली रक्कम संपली आहे, पत्र समितीच्या अध्यक्षांकडे, राधाकृष्णन यांच्याकडे पाठवतो, आणि जयंतीच्या वेळी दिल्लीत पुस्तक विक्रीला ठेवा. खरेदी झाली नाही. सहा डिसेंबरला ते गेले. पुस्तक १९५७ साली सिद्धार्थ महाविद्यालयाच्या प्रकाशनातर्फे आलं. त्यांनी ते छापलेलं पाहिलं नाही. आज त्याच्या किती आवृत्त्या खपतात ते दीक्षाभूमीवर जाऊन बघा; एकही गठ्ठा सरकारच्या मेहेरबानीवर अडलेला नाही.

आणि सरकारनं स्वतः छापलं तरी काय होतं? महाराष्ट्र शासनानं १९७९पासून बाबासाहेबांचे खंड काढले, वसंत मून यांनी त्यात आयुष्य घातलं, मोठं काम झालं. पण खंड संपायचे आणि वर्षानुवर्षं मिळायचे नाहीत. शेवटी २०२१ साली छपाई रखडल्याच्या बातमीची मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. सरकारी खरेदी मिळाली तर घ्या. तिच्या भरवशावर प्रती ठरवू नका.

लायब्रऱ्यांचं एक काम मात्र करा. कायद्यानं प्रत्येक पुस्तकाची एकेक प्रत चार ठिकाणी पाठवायची असते: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईची एशियाटिकमधली सेंट्रल लायब्ररी, चेन्नईची कन्नेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी. १९५४चा कायदा आहे. आपले लोक पाठवत नाहीत. मग पन्नास वर्षांनी कोणी संशोधक लिहितो, या काळात दलित स्त्रियांचं लेखन आढळत नाही. चार प्रती. पाठवा.

टपालाचं: रजिस्टर्ड बुकपोस्ट डिसेंबर २०२४मध्ये बंद केलं. लहान प्रकाशकाच्या नरड्यावर पाय होता तो. मे २०२५पासून 'ज्ञान पोस्ट' म्हणून सुरू केलंय, तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये, पाच किलोपर्यंत शंभर, वर कर. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं पाहिजे. हिशेब करा: एकेक प्रत पाठवली तर वीस वीस जातात, गावच्या एका माणसाला वीस प्रतींचा गठ्ठा पाठवला तर प्रतीमागे पाच. म्हणून गावोगाव मास्तर शोधा. परभणीच्या मास्तरासारखे.

मोबाइलवर फुकट पीडीएफ सोडायची का, हा वाद इथे रात्री दीडपर्यंत चालला, मी झोपेत ऐकत होतो. माझं मत पक्कं नाही. माझी ती बत्तीस पानं कोणीतरी स्कॅन करून सोडली. दुबईत गवंडीकाम करणाऱ्या एका पोरानं फोन केला, रडत होता. मी त्याच्याकडे दोन रुपये मागणार होतो का? पण ज्या बाईनं सत्तावीस वर्षं फुकटात गटारं उपसल्यासारखं उपसलं, तिची गोष्ट पण फुकटच का, हाही प्रश्न आहे. मी म्हणेन, एक प्रकरण सोडा. तेही आवाजात सोडा. आईच्याच आवाजात.

आता तुझ्या पुस्तकाचा हिशेब, पोरी. मी दुपारी एका ओळखीच्या छापखान्यात फोन केला. एकशे बारा पानं म्हणजे सात फर्मे बरोबर, कागद वाया जात नाही. तीनशे प्रती, साधा पिवळट कागद, रंगीत मुखपृष्ठ: प्रतीला पासष्ट रुपये. साडेएकोणीस हजार. किंमत ठेव शंभर. एक नोट, एक पुस्तक. दुकानदार चाळीस टक्के मागेल, उधारीवर, आणि सहा महिन्यांनी मळलेल्या प्रती परत करेल. म्हणून दुकानात वीसच ठेव, दिसण्यापुरत्या. दोनशे प्रती आपण हातानं विकल्या की छपाई निघाली. उरलेल्या ऐंशी पुढच्या छपाईच्या. हक्क तुझ्या आईच्या नावावर. गोष्ट तिची आहे. मुखपृष्ठावर नाव तिचं, खाली शब्दांकन म्हणून तुझं. यावरून तू मघाशी थोडी गप्प झालीस ते मी पाहिलं. विचार कर. मी चूकही असेन.

कर्ज काढू नकोस. तो करार मी परत दिलाय तुला, फाडलेला नाही. फाडायचा की नाही ते तू ठरव.

त्या टेबलावर एक वही ठेवली आहे, दोनशे रेघा आखलेली. नाव, गाव, किती प्रती, शंभर रुपये आत्ता. पहिलं नाव माझं, पाच प्रती. पेन दोरीनं बांधलंय, कोणी नेऊ नका.